त्रेचाळिसावं नाव

६ जून २०१८, बुधवार

यादी आली. बेचाळीस नावं. पाचव्या रविवारी ती मीच वाचायची असं सभेत ठरलं — मला न विचारता! "मंडळीची चिटणीस तू, मग वाचणार कोण? मी? मला चष्मा लावूनही तू दिसत नाहीस." — मदर स्विंट. वय एक्क्याण्णव, मंडळीत सगळ्यांत थोरल्या म्हणून 'मदर'. त्यांच्याशी वाद घालायची पद्धत नाही.

काय ठरलंय ते एकदा लिहून ठेवते. बाप्टिस्ट माणूस एका मंडळीतून दुसरीत गेला की जुनी मंडळी त्याच्यासाठी पत्र देते — हा आमचा सदस्य, वागणूक चांगली, याला घ्या. १८६८ साली आमचे लोक सायप्रस फोर्कच्या गोऱ्यांच्या चर्चमधून उठले. गुलाम असताना तिथेच वरच्या सज्जात बसायचे. ओढ्याच्या अलीकडे येऊन त्यांनी माउंट नेबो सुरू केलं. तेव्हा एकालाही पत्र मिळालं नाही. ती पत्रं सायप्रस फोर्क आता देणार, यादीतल्या बेचाळीस जणांच्या नावानं. २९ जुलैला महिन्यातला पाचवा रविवार आहे, त्या दिवशी दोन्ही मंडळ्या आमच्याकडे एकत्र बसतील, ते पत्रं आणतील, आम्ही हात वर करून ती स्वीकारू.

"दीडशे वर्षं! टपाल जरा सावकाशच चालतं त्यांचं." — पुन्हा मदर स्विंट. सगळे हसले. मीही.

मूळ कल्पना लुशियसची आणि वेल्डन हटोंची. वेल्डन त्यांच्याकडचे चिटणीस. दोन्ही मंडळ्यांचे पुरुष दर शनिवारी मिळून लाकडी रॅम्प बांधतात, ज्यांना व्हीलचेअरशिवाय घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी. अकरा वर्षं झाली. लुशियस आणि वेल्डन त्यातले पुढारी. करवतीच्या आवाजात बोलत बोलत हे पत्रांचं ठरलं म्हणे. घरी लुशियस एवढंच म्हणाला होता, "वेल्डनच्या डोक्यात एक चांगली गोष्ट आलीय." वेल्डन सांगतात, ती लुशियसच्या डोक्यात आली.

८ जून, शुक्रवार

लुशियसला जाऊन आज सतरा आठवडे. त्याचे शर्ट कपाटातून काढले. घड्या घातल्या. परत ठेवले.

१० जून, रविवार

यादीत फेरिबी नाही!

तीनदा पाहिलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, मोजण्यात चूक होत नाही. फेरिबी म्हणजे लुशियसच्या पणजोबांची आई. आमच्या चर्चच्या मागे पहिली कबर तिची. माउंट नेबोच्या प्रत्येक मुलाला तिचं नाव ठाऊक असतं — पहिल्या उपासनेला फांद्यांचा मांडव घातला, तेव्हा फांद्या तोडणाऱ्यांत ती एकटी बाई होती. ती तिकडची सदस्य नव्हती, असं होणार नाही.

१३ जून, बुधवार

सायप्रस फोर्कला गेले. वेल्डननी जुनी वही लोखंडी कपाटातून काढून टेबलावर ठेवली. स्वतः उभेच राहिले.

"काय शोधताय, सिस्टर ऑर्थिया?"

"फेरिबी."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी पानं उलटली. अक्षर चांगलं आहे, शाई तपकिरी झालीय.

सप्टेंबर १८५१ — "जूड, ब्रदर कोपलंड यांचा गुलाम, टेक्सासला विकला गेल्यामुळे त्याला पत्र देण्यात आलं. वागणूक चांगली." जूड हा फेरिबीचा नवरा. पुढे मे १८५७ चं पान — "फेरिबी, ब्रदर कोपलंड यांची, नवरा हयात असता दुसऱ्या पुरुषासोबत राहते अशी तक्रार. समजावण्यास तीन जणांची समिती. ब्रदर कोपलंड समितीत." महिन्याभरानं — "फेरिबी म्हणते, सहा वर्षं थांबले, आता तो मला मेल्यासारखाच. पश्चात्ताप नाही. मंडळीबाहेर काढण्यात आलं."

नवरा विकणारा तो आणि समजवायला गेलेलाही तोच. विकल्या गेलेल्याला मात्र पत्र मिळालं होतं.

मी तारखा उतरवून घेतल्या. मग विचारलं, "नाव कोणी गाळलं?"

वेल्डननी चष्मा काढला. रुमालानं पुसला. पुष्कळ वेळ पुसला. "मी," म्हणाले. "बाहेर काढलेल्या माणसाला पत्र देता येत नाही. तसा नियम आहे."

"हे लुशियसला माहीत होतं?"

"चूक माझी आहे, सिस्टर."

मी वही मिटली. बाहेर ऊन फार होतं. गाडीचं स्टिअरिंग हाताला भाजलं.

१७ जून, रविवार

त्यांच्या पाळकांचा आमच्या पाळकांना, रेव्हरंड ट्रॅमेलना फोन. झाल्या प्रकाराचं वाईट वाटतं. तोडगा आहे. येत्या सभेत फेरिबीला क्षमा करून परत सदस्य करून घेतील, मग तिचंही पत्र निघेल. त्रेचाळीस पूर्ण.

माणूस भला आहे. आपण काय म्हणतोय ते त्याला कळलं नसावं.

२० जून, बुधवार

खास सभा. सत्तावन्न हजर. मी वहीतले उतारे वाचले. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"क्षमा? कुणाला क्षमा?" मदर स्विंट काठी आपटत उठल्या. "नवरा विकला यांनी आणि चाल वाईट तिची? अरे वा रे वा! उद्या माझ्या घरी चोरी करतील आणि दार उघडं ठेवलं म्हणून मला माफ करतील!"

रेव्हरंड ट्रॅमेल — "मदर, ते चांगल्या मनानं म्हणताहेत."

"चांगल्या मनानं तर कोपलंडही समजवायला गेला होता, लेकरा."

लुशियसच्या जागी आता डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, असलेले अल्फान्झो पोप म्हणाले, वेल्डन हटोला आपण अकरा वर्षं आपल्या ताटात जेवू घातलं. लुशियसच्या शवपेटीला खांदा दिला त्यानं. आणि लुशियसच्याच खापरपणजीला यादीतून उडवलं — तेही लुशियस मातीत गेल्यावर! कोणी म्हणालं, गोरा तो शेवटी गोराच. कोणी म्हणालं, असं बोलू नका. पण फार जोरात नाही म्हणालं.

ठराव: त्रेचाळीस पत्रं, नाहीतर एकही नाही. फेरिबीला क्षमा नको. "तेव्हा मंडळी चुकली" असं सायप्रस फोर्कनं आपल्या वहीत लिहावं. तोवर एकत्र उपासना नाही, शनिवारचे रॅम्पही नाहीत. सत्तावन्न हात वर.

इतिवृत्त मी लिहिलं: "सायप्रस फोर्कचे चिटणीस वेल्डन हटो यांनी नियम दाखवून फेरिबीचं नाव गाळलं." अल्फान्झो म्हणाले, "जाणूनबुजून" घाला. घातलं. नक्कल त्यांच्याकडे पाठवायची ठरलं. आज सकाळी... नाही, उद्या सकाळी मी स्वतः टपालात टाकेन.

हे सगळं लुशियससाठी चाललंय असं वाटत होतं. त्याच्या घरातली बाई होती ती. तो असता तर याहून शांतपणे बोलला असता, पण हेच बोलला असता.

२१ जून, गुरुवार

टाकलं.

३० जून, शनिवार

पर्व्हिस यांच्या घरावरून गेले. साखरेच्या आजारानं त्यांचे दोन्ही पाय गेलेत. मार्चपासून व्हरांड्यातच बसून असतात. रॅम्पचा आराखडा लुशियसनं जानेवारीत काढून ठेवलेला — चढ एक इंच, तर लांबी एक फूट, दारापासून एकोणतीस फूट. नऊ फूट झालाय. पुढे नुसतेच खांब.

वेल्डन एकटेच होते. फळी गुडघ्यानं दाबून धरून खिळे मारत होते. पर्व्हिस वरून सांगत होते, "अरे, तुझ्या मंडळीनं तुला सोडलं, त्यांच्या मंडळीनं तुला सोडलं, आता फळीनं तरी सोडू नये!" दोघं हसले.

मी गाडी थांबवली नाही.

४ जुलै, बुधवार

मुलगी अटलांटाहून आली होती. फटाके तिच्या नवऱ्यानं उडवले. संध्याकाळी गेले. फ्रीजमध्ये चौघांना पुरेल एवढी बटाट्याची कोशिंबीर.

१२ जुलै, गुरुवार

काल त्यांची सभा झाली. रेव्हरंड ट्रॅमेल सकाळीच सांगायला आले. दारातच उभे राहून — "झालं! अठ्ठावन्न विरुद्ध एक्कावन्न. 'मंडळी चुकली' हेच शब्द. फेरिबीचं पत्र येणार."

कॉफी केली. त्यांनी तीन चमचे साखर घातली आणि बाकीचं सांगितलं. सभा अडीच तास चालली. पुष्कळांचं म्हणणं, मेलेल्या लोकांच्या चुका जिवंत लोकांनी का कबूल करायच्या. मग कोणीतरी आमचं इतिवृत्त वाचून दाखवलं. जाणूनबुजून गाळलं, हे ऐकल्यावर सगळे वेल्डनवर उलटले. तू नीट यादी केली असतीस तर मंडळीची अशी शोभा झाली नसती! वेल्डन उठले, "मी गाळलं, जबाबदारी माझी," एवढं बोलून बसले. त्यांना चिटणीसपदावरून काढलं. सव्वीस वर्षं होते.

"काही वाटलं का तुम्हाला?" रेव्हरंडनी विचारलं.

"नियमानं झालं," मी म्हटलं.

त्यांनी कप ठेवला. चांगला माणूस आहे. वय चाळीस. बायको जिवंत आहे.

१८ जुलै, बुधवार

सरावासाठी नावं मोठ्यानं वाचली. टायटस, मॉर्निंग, हॅगर, शॅड्रॅक. पुष्कळांना आडनाव नाही. घरात आवाज विचित्र वाटतो. बऱ्याच दिवसांत कोणी मोठ्यानं बोललेलं नाही इथे.

२९ जुलै, पाचवा रविवार

झालं. पार पडलं.

ते एकशे वीस आले. आमचे दोनशेच्या वर. पांढरे हातमोजे घातलेल्या आमच्या बायकांनी त्यांना एकेका बाकावर आमच्या लोकांत मिसळून बसवलं. ते बिचारे आपापल्या माणसांकडे मान वळवून बघत होते. टाळ्या चुकीच्या ठोक्यावर देतात. दीड तास झाल्यावर घड्याळं बघायला लागले. "अजून प्रवचन सुरू व्हायचंय म्हणावं!" मदर स्विंट मोठ्यानं कुजबुजल्या. पुढच्या बाकावरची गोरी बाई वळून म्हणाली, "ऐकू आलं हं, मदर." "ऐकू यावं म्हणूनच बोलले."

त्यांचे पाळक नव्या वहीतलं वाचत होते. मंडळी चुकली. फेरिबी चुकली नव्हती. त्यांचा आवाज दोनदा बसला. मग मी नावं वाचली. माझा नाही बसला. फेरिबी त्रेचाळिसावी. रेव्हरंड ट्रॅमेलनी विचारलं, "ही पत्रं स्वीकारावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत." हातच हात. त्यांच्या लोकांनीही केले, त्यांना मत नव्हतं तरी! कोणी खाली करा म्हटलं नाही.

मग उजवा हात देण्याची पद्धत. सगळे रांगेनं एकमेकांचा हात हातात घेत गेले. पुष्कळ रडले. अल्फान्झो पोप एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वेल्डन दाराजवळ शेवटच्या बाकावर होते, एकटे. रांग त्यांच्यापाशी आली तेव्हा मी वही उचलायला परत फिरले. वही तिथेच राहिली असती तरी चाललं असतं.

जेवण झाडांखाली. तळलेलं चिकन, भेंडी, मक्याचा पाव, पीचचा गोड कॉब्लर. त्यांच्या बायकांनी भरलेली अंडी आणली, पुरली नाहीत. रॅम्प पुढच्या शनिवारपासून पुन्हा सुरू. त्या गटाला "लुशियस रेंडर गट" असं नाव द्यायची सूचना त्यांच्याच एकानं मांडली. टाळ्या. आमच्या पुढच्या सभेत मंजुरीला येईल.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

२ ऑगस्ट, गुरुवार

किराणा दुकानात वेल्डनची बायको भेटली. जेरिलिन. टोमॅटो निवडत होती. मी वळायच्या आत तिनं पाहिलं.

"झालं समाधान, सिस्टर रेंडर?"

"नमस्कार, जेरिलिन."

"सव्वीस वर्षं वही सांभाळली त्यानं. आता रविवारी बाकावर बसतो तर शेजारी कोणी बसत नाही. तुमच्याकडचं ते — जाणूनबुजून! कुणाच्या अक्षरात होतं ते? मी ओळखते तुमचं अक्षर. नाताळची कार्डं येतात घरी."

"त्यांनीच कबूल केलं."

"केलं ना! तो काय, कबूल करणारच. मला म्हणाला, मरेस्तोवर बोलायचं नाही. पण मी काही कबूल केलेलं नाही." हातातला टोमॅटो तिनं परत ढिगावर ठेवला. "लुशियसनं सांगितलं होतं त्याला. गाळ म्हणून. तुमच्या लुशियसनं! विचारा वेल्डनला जाऊन. माझं नाव सांगा खुशाल."

ती सामानाची ढकलगाडी तिथेच सोडून निघून गेली. तिच्या सामानात दूध होतं. मी दुकानदाराला सांगितलं, फ्रीजमध्ये ठेवा.

४ ऑगस्ट, शनिवार

पर्व्हिस यांच्याकडे गेले. दोन्हीकडचे मिळून चौदा जण कामाला. रॅम्प रस्त्यापर्यंत पोचलाय, कठडा बाकी. वेल्डन मागच्या अंगणात लाकूड कापत होते. मी जवळ उभी राहिल्यावर करवत बंद केली.

"जेरिलिन बोलली," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. "तिला बजावलं होतं."

"कागद आहे?"

त्यांनी करवत खाली ठेवली. मग ट्रकमधून एक पाकीट काढून आणलं. यादी, लुशियसच्या अक्षरात. तारीख १९ जानेवारी. त्याचे चारचे आकडे वरून उघडे असतात, लग्नाआधीपासून. फेरिबीच्या नावावर रेघ. खाली लिहिलंय — "वेल्डन, ही नको. ते पान उघडलं की आमच्यात भांडण पेटेल आणि तुमच्याकडची दारं लागतील. बेचाळीस जण तर होऊ देत. ऑर्थियाला नंतर मीच सांगेन."

तीन आठवड्यांनी गेला तो. नंतर राहून गेलं.

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काळ्या कपड्यांत होता, सिस्टर." हातातला भुसा झटकला. "आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. मग मी कशाला त्याचं नाव घेऊ?"

"तुमचं पद गेलं."

"वही जड होती फार," म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "राहू द्या आता. सगळं चांगलं झालंय. त्याच्या नावानं गट होतोय. फाडून टाका तो कागद."

पुढच्या बाजूनं आरडाओरडा झाला. पर्व्हिस यांची खुर्ची कठड्याविनाच रॅम्पवर उतरवत होते. "हळू, गाढवांनो! मला स्वर्गात नाही, टपालपेटीपर्यंत जायचंय!" सगळे हसत होते, गोरे, काळे. पर्व्हिसनी पेटी उघडली, बंद केली, परत उघडली. पाच महिन्यांनी.

मी कागद पर्समध्ये घातला. घरी आले. जेवले नाही.

५ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा, बाळंतपणं सोडून.

फेरिबीला त्यानं एका रेघेत उडवलं. वाईट हेतूनं नाही. तो समजूतदार होता, सगळे म्हणतात. माझ्याशीही तो समजूतदारपणेच वागला पन्नास वर्षं. आणखी कोणत्या गोष्टी "नंतर सांगेन" मध्ये होत्या, कोण जाणे.

राग येतोय. आला तर बरंच. सहा महिने नुसतं शांत होतं सगळं.

८ ऑगस्ट, बुधवार

सभा. मी वीस जूनचं इतिवृत्त वाचलं. "काही दुरुस्ती?" रेव्हरंड ट्रॅमेलनी नेहमीसारखं विचारलं आणि पुढचा कागद — गटाच्या नावाचा ठराव — हातात घेतला. मी म्हटलं, आहे. लुशियसचा कागद वाचून दाखवला. अल्फान्झो खाली बघत राहिले. मदर स्विंट म्हणाल्या, "बस खाली, पोरी. त्याला झोपू दे."

मी बसले नाही. रेव्हरंड हलकेच म्हणाले, "'एका दिवंगत बांधवाच्या सांगण्यावरून' असं लिहिलं तर?" मी नाही म्हटलं.

तिथेच लिहिलं: "फेरिबीचं नाव वेल्डन हटो यांनी स्वतःहून नव्हे, तर डीकन लुशियस रेंडर, माझे पती, यांच्या सांगण्यावरून गाळण्यात आलं. नक्कल सायप्रस फोर्कला पाठवावी." मग पुन्हा वाचलं आणि "माझे पती" खोडलं. इतिवृत्तात नातं लिहायची पद्धत नाही.